चांगला कॅसिनो कोणता? कर्वेनगरमधल्या एका अफिलिएट साइटचं प्रकरण

ही साइट चालवणारी दोघं आते-मामेभावंडं. ऑफिसात सगळे त्यांना दादा आणि ताई म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो. खरी नावं, साइटचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील त्यांच्या संमतीने गाळले आहेत. त्यांच्या भागीदारी फर्मचे हिशेब आणि करार मी बघतो, त्यामुळे या प्रकरणातले जवळजवळ सगळे कागद माझ्या टेबलावरून गेले.

धंदा साधा होता. क्रिकेटची मराठी-हिंदी साइट, जोडीला एक यूट्यूब चॅनेल आणि एक टेलिग्राम चॅनेल. पिच रिपोर्ट, संभाव्य अकरा, गहुंज्याच्या मैदानावर दव कधी पडायला लागतं असली माहिती, आणि तिच्याखाली ड्रीम११सारख्या फँटसी ॲपची लिंक. वाचकाने त्या लिंकवरून खातं उघडून पैसे भरले की कमिशन. असं कमिशनवर ग्राहक पाठवणाऱ्याला अफिलिएट म्हणतात. आयपीएलचे दोन महिने वर्षभराचं भाडं काढून देत. सर्चचं आणि मजकुराचं काम दादाकडे, पैसे ताईकडे. पगारावर चार लेखक, त्यातला एक जुन्नरकडचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला फँटसीवर दीड कोटी लागले आणि पाठोपाठ तो निलंबित झाला, तेव्हा निलंबनाची बातमी वाचून कुणी ॲप काढून टाकलं नाही. उलट त्या आठवड्यात यांच्या साइटवर गर्दी वाढली.

मग ऑगस्ट २०२५ आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ तारखेला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ लगोलग थांबवले. भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम११ चं नाव गेलं. दादा-ताईंच्या डॅशबोर्डवरचा कमिशनचा आकडा शून्यावर आला. गणपती तोंडावर, त्यामागे दिवाळीचा बोनस.

याच काळात टेलिग्रामवर एक ‘अफिलिएट मॅनेजर’ आला. असे लोक आधीही येत, पण फँटसीचं नीट चाललं असल्यामुळे त्यांना कुणी उत्तर देत नसे. त्याने परदेशी ऑनलाइन कॅसिनोंची एक यादी पाठवली. सोबत दोन पर्याय: प्रत्येक नव्या खेळाडूच्या पहिल्या ठेवीमागे ४० डॉलर, नाहीतर खेळाडू जितके दिवस खेळेल तितके दिवस ४५ टक्के रेव्हेन्यू शेअर, म्हणजे कॅसिनोच्या कमाईत वाटा. कायद्याचं विचारल्यावर उत्तर आलं की सर्व्हर भारताबाहेर आहेत, परवाना परदेशी आहे, काळजी नको.

दादा ती यादी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, यातले फसवे बाजूला काढायचे आहेत. दोन-तीनच घेऊ, पण नामांकित घेऊ. पैसे अडकवणारा कॅसिनो आपल्या वाचकाच्या गळ्यात मारायचा नाही.”

या प्रश्नात ढोंग नव्हतं. त्याला खरंच चांगला कॅसिनो हवा होता. म्हणून मी कायद्याचं पुस्तक आधी उघडलं नाही. त्याच्याच प्रश्नापासून सुरुवात केली.

परवाना, बोनस आणि पैसे भरायचं पान

पहिली चाळणी परवान्याची. पानाच्या तळाशी शिक्का सगळ्यांकडेच असतो. त्यावर क्लिक केल्यावर नियामकाच्या स्वतःच्या डोमेनवरची नोंद उघडते का, त्या नोंदीत कंपनीचं नाव तेच आहे का, आणि आपण आत्ता ज्या वेबपत्त्यावर आहोत तो पत्ता त्या नोंदीत आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनची सार्वजनिक नोंदवही कुणालाही बघता येते. परवानाधारकाची डोमेन नावं तिथे असतातच, शिवाय त्याच्यावर झालेल्या कारवायाही असतात. माल्टाच्या गेमिंग ऑथॉरिटीचीही अशी यादी आहे. दादाच्या यादीत काही शिक्के निव्वळ चित्र निघाले, क्लिक केलं तरी काही उघडत नव्हतं. एका ठिकाणी कंपनी खरी होती, पण नोंदीतलं डोमेन वेगळं आणि समोरचं वेगळं, मागे दोन आकडे जोडलेलं. ब्लॉक झालेल्या साइटी अशाच आकडे जोडून परत उभ्या राहतात.

कुरासावचा परवाना यादीत सर्वांत जास्त होता. त्याची गोष्ट थोडी सांगायला हवी. कॅरिबियनमधल्या या बेटावर वर्षानुवर्षं मोजून चार मुख्य परवानाधारक होते आणि ते पुढे उपपरवाने वाटत. ‘८०४८/जेएझेड’ असला क्रमांक शेकडो साइटींच्या तळाशी दिसायचा तो त्यामुळे. खेळाडूची तक्रार कुणी ऐकायची, याला त्या व्यवस्थेत धड उत्तर नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा कायदा आला, उपपरवान्यांची पद्धत मोडीत निघाली आणि परवाना थेट नियामकाकडून घेणं आलं. दादाच्या यादीतल्या दोन साइटींवर अजून जुनाच क्रमांक होता. ज्याने स्वतःच्या पानाचा तळही बदललेला नाही, तो खेळाडूचे पैसे वेळेवर देईल असं मानायला मला कारण दिसलं नाही.

दुसरी चाळणी बोनसच्या अटींची. ‘शंभर टक्के वेलकम बोनस’ म्हणजे दहा हजार भरले की दहा हजार वर. अट अशी की ठेव आणि बोनस मिळून जी रक्कम होते तिच्या ३५ पट खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. वीस हजार गुणिले ३५, म्हणजे सात लाखांचे डाव. स्लॉट मशीनचा परतावा ९६ टक्के धरला, जो या धंद्यात चांगला मानतात, तरी सात लाखांवर सरासरी २८ हजारांचं नुकसान. हातात होते वीस. म्हणजे अट पूर्ण होण्याच्या आतच सरासरी माणसाचं खातं रिकामं होतं, आणि तेही कॅसिनोने एक पैशाची लबाडी न करता. ब्रिटनच्या नियामकाने ही पट जास्तीत जास्त दहावर आणली ती उगाच नाही.

दादाला हे गणित नवं होतं. पाचेक वर्षं तो फँटसीच्या लिंका लावत होता, पण तिथे स्पर्धा खेळाडूंची आपसांत असते आणि कंपनी आपला वाटा काढून घेते. इथे खेळाडूच्या समोर बसलेला स्वतः कॅसिनो असतो.

तिसरी गोष्ट ताईने पकडली. पैसे भरायचं पान तिने उघडून बघितलं, भरले काहीच नाहीत. यूपीआयचा पर्याय होता. पान रिफ्रेश केलं की यूपीआय आयडी बदलायचा. एकदा कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव, एकदा किराणा दुकानाचं, एकदा नुसतंच एका माणसाचं. कॅसिनोच्या कंपनीचं नाव कधीच नाही. दुसऱ्यांच्या नावावरच्या, भाड्याने घेतलेल्या म्यूल खात्यांवर पैसे फिरवण्याची ही पद्धत आता पोलिसांच्या रोजच्या कामातली झाली आहे. ताई म्हणाली, “दादा, यातलं एक खातं गोठलं तर आपल्या वाचकाच्या खात्यालाही लिएन लागतो, पैसे अडकतात. मग तो फोन कुणाला करेल? कॅसिनोला?”

इथवर आल्यावर यादीचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. ज्या साइटी नोंदवहीत नीट सापडत होत्या, त्यांच्या अटींमध्ये प्रतिबंधित देशांची यादी होती आणि तिच्यात भारत होता. ज्यांना भारतीय खेळाडू चालत होते, त्या पहिल्या किंवा तिसऱ्या चाळणीत गळत होत्या. नामांकित आणि भारतात चालणारा, असा एकही उरला नाही. हा योगायोग नव्हे. ज्या कंपनीला आपला माल्टाचा किंवा ब्रिटनचा परवाना टिकवायचा आहे, ती दुसऱ्या देशाचा कायदा उघड मोडून पैसे गोळा करायला बिचकते. ज्याला टिकवण्यासारखं काही नाही, तो बिचकत नाही आणि अफिलिएटला दरही जास्त देतो. ४५ टक्के का मिळत होते, त्याचं उत्तर त्यातच होतं.

ताईचा हिशेब

दादा तरी हटला नव्हता. त्यातल्या त्यात बऱ्या अशा एका ब्रँडवर त्याचं मन होतं. मग ताईने वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडला. या सगळ्या प्रकरणात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो मी केलेला नाही.

फँटसीचं उत्पन्न बरं चाललं होतं तेव्हा महिन्याला साधारण एक लाख ऐंशी हजार येत. तेवढे परत हवेत असं धरू. रेव्हेन्यू शेअर ४५ टक्के. पण तो निव्वळ उत्पन्नावर, आणि निव्वळ काढताना करारानुसार आधी २० टक्के ‘प्रशासकीय शुल्क’ जातं. उलटं मोजत गेलं तर एक लाख ऐंशी हजारांसाठी निव्वळ चार लाख लागतात आणि त्याच्या वर शुल्काआधी पाच लाख. हे पाच लाख कुठून येणार? कॅसिनोची जमा म्हणजे खेळाडूंनी हरलेली रक्कम. बोनसचा खर्च वजा होतो तो वेगळाच.

म्हणजे आपल्या साइटवरून गेलेल्या माणसांनी दर महिन्याला पाच लाख रुपये हरले पाहिजेत, तेव्हा आपला पगार निघणार. एखाद्या महिन्यात कुणाला मोठा डाव लागला, तर आपलं खातं उणे. ते उणे पुढच्या महिन्यात ओढायचं, अशीही एक ओळ करारात होती. थोडक्यात, वाचक जिंकला तर आपण कर्जात.

ताईने हिशेबाखाली साइटच्या ॲनालिटिक्समधली गावं लिहिली होती. पुणे, सातारा, बारामती, लातूर, जळगाव. काही बोलली नाही, वही त्याच्याकडे सरकवली.

दादाचं म्हणणं असं की मग ठेवीमागे ४० डॉलर घेऊ, त्यात हरण्याशी आपला संबंध नाही. हा युक्तिवाद मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. पण ४० डॉलर देणारा ते कशातून वसूल करणार, याचं उत्तर बदलत नाही. फक्त वसुली होताना आपण खोलीत नसतो. शिवाय त्या करारात ‘दर्जेदार खेळाडू’ अशी व्याख्या होती. एकदा ठेव भरून थांबलेला माणूस तिच्यात बसत नव्हता. पुन्हा पुन्हा भरणारा हवा होता.

आणि समजा अफिलिएटला चांगला-वाईट कॅसिनो निवडता आला, तरी त्या निवडीवर वाचकाने विश्वास का ठेवायचा? ‘सर्वोत्तम पाच कॅसिनो’ अशी पानं बघा. पहिला क्रमांक बहुतेक वेळा सर्वांत जास्त कमिशन देणाऱ्याचा असतो. दादा मान्य करायला तयार नव्हता, पण फँटसीच्या काळातली त्याची स्वतःची क्रमवारीही काही वेगळी नव्हती, हे ताईने त्याच्या तोंडावर सांगितलं.

“अजून लागू कुठे झालाय?”

कायद्यावर आलो तेव्हा दादा तयारी करून आला होता. त्याचे दोन मुद्दे होते. एक, कायद्यावर स्वाक्षरी झाली असली तरी तो सरकार अधिसूचना काढेल त्या तारखेपासून लागू होणार, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तशी तारीख जाहीर झालेली नव्हती. तोवर दिवाळीपर्यंतचं कमवून घेऊ. दोन, कंपन्यांनी कायद्याला आव्हान दिलंय, कदाचित तो टिकणारच नाही. दुसरा मुद्दा खरा होता. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

पण हे आव्हान ज्या जोरावर उभं होतं तो जोर कॅसिनोला नाही. फँटसी आणि रमीवाले कौशल्याच्या खेळाचा बचाव वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. रूलेटचं चाक कुठे थांबेल यात खेळणाऱ्याचं कौशल्य शून्य. तो बचाव उद्या टिकला काय, पडला काय, स्लॉट मशीनला त्याचा आधार मिळणार नाही. दादाने फँटसीची ढाल कॅसिनोपुढे धरली होती आणि ती त्या मापाची नव्हती.

शिवाय नवा कायदा येण्याआधी रान मोकळं होतं अशातला भाग नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ पासून ऑनलाइन सट्टेबाजीच्या जाहिरातींविरुद्ध सूचना काढल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सट्टा-जुगाराच्या जाहिराती आणि त्यांची भलामण करणारे, दोघांनाही ताकीद दिली होती. आणि महाराष्ट्रात तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या कलम १२-अ मध्ये जुगाराला मदत व्हावी या हेतूने बातमी किंवा माहिती छापणाऱ्या, वाटणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. मटक्याचे आकडे छापणाऱ्या चोपड्यांच्या संदर्भात हे कलम जुन्या वकिलांना तोंडपाठ आहे. आकडा छापणारा मटका चालवत नव्हता, तो फक्त माहिती देत होता. अफिलिएटही हेच म्हणतो. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी एक कायदा करून ठेवला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द करायचं ठरलं. म्हणजे राज्याचा कल कुठे आहे हेही दिसत होतं.

शिवाजीनगर कोर्टात वकिली करणाऱ्या एका बाईंना आम्ही भेटलो. त्यांनी नव्या कायद्यातली दोन कलमं समोर ठेवली. जाहिरातीचं कलम सहा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यावर दादा थोडा सैल झाला, कारण तो याहून वाईट ऐकून आला होता. मग त्यांनी कलम पाच वाचायला दिलं. त्यात पैशांचा खेळ उपलब्ध करून देण्यासोबत त्याला साहाय्य करणं, प्रोत्साहन देणं हेही येतं. तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. “तुमची लिंक ही जाहिरात की खेळाडू पुरवण्याची व्यवस्था, हे तुम्ही ठरवणार नाही,” त्या म्हणाल्या. “खेळाडूच्या हरण्यात टक्केवारी घेणाऱ्याला मी निव्वळ जाहिरातदार म्हणून कोर्टात उभं करायचं म्हटलं तर मला घाम फुटेल.”

फर्मचं काम जे बघतात त्या भागीदारांपर्यंत जबाबदारी येते, हेही त्यांनी सांगितलं. ताई सही करणारी भागीदार होती.

मे २०२४ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पुणे ग्रामीण पोलिसांनी एका इमारतीवर छापा टाकला. सट्टेबाजीच्या महादेव ॲपशी जोडलेलं काम तिथे चालत असल्याचं सांगितलं गेलं आणि नव्वदच्या आसपास लोक ताब्यात घेतले गेले. संगणकावर पगारी बसलेली पोरं त्यात बरीच होती. जुन्नरकडच्या लेखकाला हा छापा चांगलाच माहीत होता. ऑफिसात कॅसिनोची कुणकुण लागल्यावर त्याने ताईला विचारलं होतं, “ताई, मजकुराखाली माझं नाव येणार का?” हा प्रश्न तिने मला नंतर सांगितला, वकिलांच्या भेटीनंतर.

लंडनचा वाचक

भारतातल्या वाचकांचा विषय इथे संपला. दादाने मग शेवटचा आणि खरं तर सर्वांत विचार केलेला पर्याय मांडला. साइट इंग्रजीत काढू, वाचक ब्रिटनचा, कॅसिनो ब्रिटनच्या परवान्याचा. तिथे सगळं कायदेशीर आहे. पुण्यात बसून आपण फक्त लिहायचं. हिंजवडीत बसून लोक लंडनच्या बँकांचं काम करतातच की.

या पर्यायात ‘नामांकित’ या शब्दाला खरोखर अर्थ आहे, म्हणून त्यावर आम्ही वेळ घालवला. ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला एप्रिल २०२० पासून बंदी आहे. ज्याला स्वतःला आवरायचं आहे तो गॅमस्टॉपवर एकदा नाव नोंदवतो आणि परवाना असलेल्या सगळ्या साइटींनी त्याला बाहेर ठेवायचं असतं. ऑनलाइन स्लॉटवर २०२५ पासून एका डावाला पाच पौंडांची मर्यादा आहे, २५ वर्षांखालच्यांना दोन पौंडांची. म्हणजे तिथला चांगला कॅसिनो कोणता हे बघताना बोनसचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. डोमेन नोंदवहीत आहे का, दंड कशासाठी झाला होता, पैसे काढताना ओळखपत्रं मागतो की पैसे भरतानाच मागतो, तक्रार स्वतंत्र लवादाकडे नेता येते का, खेळांची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेने केली आहे का, हे आधी. आणि अफिलिएटच्या बाजूने: करार मागच्या तारखेपासून बदलण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे का, उणे शिल्लक पुढे ओढली जाते का, महिन्याला ठरावीक खेळाडू न आणल्यास जुन्या खेळाडूंचं कमिशन बंद होतं का. ही शेवटची अट बारीक अक्षरांत असते आणि चालू साइट त्यामुळेच मरते.

पण तिथे अफिलिएटची मानही मोकळी नाही. ब्रिटनचा नियामक अफिलिएटला परवाना देत नाही, त्याच्या वागण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकतो. २०१७ मध्ये कर्जात बुडालेला माणूस ऑनलाइन जुगारात जिंकून कर्जमुक्त झाला अशी बनावट बातमी एका अफिलिएटने चालवली, आणि तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने लॅडब्रोक्स, ८८८ अशा बड्या जुगार कंपन्यांवर ठपका ठेवला. त्याच वर्षी स्काय बेट या सट्टा कंपनीने ब्रिटनमधला आपला अफिलिएट कार्यक्रमच बंद करून टाकला. तेव्हापासून मोठ्या कंपन्या अफिलिएटचं प्रत्येक वाक्य तपासतात. पुण्यातून नव्याने आलेल्या, एकही इंग्रजी पान नसलेल्या फर्मला त्या दारात उभं करतील का, हा प्रश्नच होता. अमेरिकेत न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत तर अफिलिएटला स्वतःची नोंदणी लागते.

तरी दादा चिकाटीचा आहे, वर्षभर लिहून त्याने काहीतरी उभं केलंही असतं. अडलं ते कलम सहावर. त्यात कुठल्याही व्यक्तीला पैशांचा खेळ खेळायला प्रवृत्त करणारी जाहिरात करायला मनाई आहे. वकीलबाईंनी बोट ठेवलं ते ‘कुठल्याही व्यक्तीला’वर. ती व्यक्ती भारतातलीच असावी असं तिथे लिहिलेलं नाही, आणि जाहिरात तयार करणारा तर कर्वेनगरात बसला आहे. याउलट बाजूही मांडता येते असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. कायद्याचा रोख भारतात दिल्या जाणाऱ्या सेवांवर आहे, असा युक्तिवाद होऊ शकतो. “पण तो पहिल्यांदा कोण करणार? तुम्ही? हे हात दाखवून अवलक्षण आहे.”

माझ्या बाजूचा एक छोटा मुद्दा मी जोडला. कमिशन बँकेतून परकीय चलनात आलं तर बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते, आणि करार मागते. करारावर कॅसिनोचं नाव असणार. ते टाळायला यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो चलन, घेतले, जसं टेलिग्रामवरचा मॅनेजर सुचवत होता, तर पैसे कुणी दिले याचा कागदच राहत नाही. तशा उत्पन्नाचं विवरणपत्र मी भरणार नाही, हे मी तेव्हाच सांगितलं.

पुढे

निर्णय एका बैठकीत झाला नाही. दादा दोन आठवडे नाराज होता. अखेर त्याने टेलिग्रामवरच्या मॅनेजरला नकार कळवला. त्याचं उत्तर काही मिनिटांत आलं: लिंका नकोत तर नको, साइटवर महिन्याला काही ‘गेस्ट पोस्ट’ छापा, नाव आमचं येणार नाही. हा प्रकार महाराष्ट्रातल्या कितीतरी छोट्या बातम्यांच्या साइटींवर दिसतो: पाणीपुरवठ्याच्या बातमीखाली एकदम स्लॉट मशीनचा लेख. गूगलने २०२४ पासून दुसऱ्याच्या साइटच्या नावलौकिकावर असा मजकूर चढवण्याविरुद्ध धोरण आणलं आहे, त्यामुळे अख्खी साइट सर्चमधून खाली जायची भीती. दादाला कायद्यापेक्षा हे लगेच पटलं. सर्च हा त्याचा प्रांत.

आधीच्या फँटसीच्या लिंका काढणं हेच मोठं काम निघालं. साइटवरच्या एका दिवसात गेल्या. यूट्यूबच्या जुन्या व्हिडिओंखालच्या वर्णनातल्या एकेक करून काढाव्या लागल्या, आणि व्हिडिओत तोंडी सांगितलेला कोड तर काढताच येत नाही. ते व्हिडिओ खाजगी केले. जाहिरात नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जुगाराची वर्गवारी ताईने बंद केली, नाहीतर पुढच्या दाराने नाकारलेलं मागच्या दाराने आपोआप आलं असतं.

पैशांचं सांगायचं तर फटका बसला. एका लेखकाला सोडावं लागलं, जुन्नरकडचा राहिला. ऑफिसची अर्धी जागा एका डिझायनरला दिली. २ नोव्हेंबरला भारतीय महिला संघाने नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या दोन-तीन दिवसांत साध्या जाहिरातींचं उत्पन्न बरं झालं. महिला क्रिकेटची मराठीतली नीट माहिती फारशी कुणाकडे नव्हती, यांच्याकडे खेळाडूंची पानं तयार होती. त्याने फँटसीची जागा भरलेली नाही आणि लवकर भरेल असं मला वाटत नाही. एका खेळाच्या साहित्याच्या दुकानाशी कमिशनवर बोलणी चालू आहेत. बॅटवरचं कमिशन किती किरकोळ असतं ते दादाला रोज नव्याने कळतं.

टेलिग्राम चॅनेल मात्र तसंच आहे. त्याचे सदस्य हे फँटसीवर पैसे लावलेले, म्हणजे पुन्हा लावण्याची शक्यता असलेले लोक, आणि अशा यादीला भाव असतो. दोघांनी चॅनेल विकत मागितलं. एकाने देऊ केलेली रक्कम फर्मच्या सहा महिन्यांच्या जाहिरात उत्पन्नापेक्षा जास्त होती. ताईने उत्तर न देता दोघांना ब्लॉक केलं. चॅनेल कायमचं काढून टाकावं असं तिचं म्हणणं आहे. दादाला वाटतं की पुढच्या आयपीएलला नुसता स्कोअर आणि पिच रिपोर्ट द्यायला ते कामाला येईल. सदस्यांपैकी कुणी ना कुणी अजूनही रोज विचारतो, “नवीन ॲपची लिंक कधी टाकताय?” सध्या उत्तरं देण्याची सोय बंद ठेवली आहे, चॅनेल चालू आहे.